छायाचित्रणाचा शिक्षक कसा निवडावा?

पाली हे नाव ऐकले की पुष्कळांना रायगड जिल्ह्यातील बल्लाळेश्वराची पाली आठवते. या पाठातील पाली ती नव्हे. ही पाली रत्नागिरी तालुक्यात, रत्नागिरी शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. येथूनच एक रस्ता नाणीज, साखरपा, आंबा घाट असा चढत कोल्हापूरकडे जातो. दिवसभर वाहनांची वर्दळ, भरलेली बाजारपेठ, थोडे आत गेले की भातशेती, आंब्याकाजूच्या बागा, जांभ्या दगडाची कौलारू घरे. छायाचित्र काढावे असे येथे पावलोपावली काहीतरी दिसते. पण ते काढायला शिकायचे कोणाकडे?

छायाचित्रणाला उर्दूत 'अक्कासी' म्हणतात. 'अक्स' म्हणजे प्रतिबिंब. मराठीतला शब्द छायेवरून आला, उर्दूतला प्रतिबिंबावरून. दोन्ही शब्दांच्या मुळाशी प्रकाशच आहे. हा प्रकाश वापरायला शिकवणारे महाविद्यालय लहान गावात नसते. म्हणून आज बहुतेक मुले मोबाइल उघडतात आणि यूट्यूबवर शोध घेतात. यूट्यूब २००५ साली सुरू झाले. जावेद करीम या तरुणाने २३ एप्रिल २००५ रोजी त्यावर पहिला व्हिडिओ ठेवला. तो प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा आहे आणि हत्तींच्या लांब सोंडेबद्दल बोलतो आहे, एवढाच तो १९ सेकंदांचा व्हिडिओ. आता तेथे एकट्या छायाचित्रणावर इतके व्हिडिओ आहेत की एका जन्मात पाहून संपायचे नाहीत. हजार शिक्षक एकाच वेळी हाका मारू लागले, तर विद्यार्थ्याने कोणाच्या वर्गात जाऊन बसावे?

हा प्रश्न तसा जुना आहे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली आणि १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातले नामांकित भारतीय छायाचित्रकार याच वर्गात तयार झाले. पण असा वर्ग मुंबईत होता. मुंबईबाहेरच्या माणसाने पुस्तक मिळवावे, नाहीतर एखाद्या जाणकाराचे पाय धरावेत. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले, परंतु कॅमेरा त्या शिकल्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून. पुढे त्यांच्याशीच होमाईंचे लग्न झाले. होमाईंना २०११ साली पद्मविभूषण हा सन्मान मिळाला.

यापेक्षाही आपल्या उपयोगी पडेल अशी हकिकत दादासाहेब फाळके यांची आहे. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. ते चित्रकला शिकले, छायाचित्रण शिकले, काही काळ गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसायही केला. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिला आणि आपणही असे करावे, हा ध्यास त्यांनी घेतला. त्या वेळी चित्रपट शिकवणारी शाळा आपल्या देशात नव्हती. मग त्यांनी काय केले? प्रथम मिळतील ते चित्रपट पाहिले. इतके पाहिले की डोळ्यांवर परिणाम होऊन ते आजारी पडले. सेसिल हेपवर्थ या इंग्रज गृहस्थाचे पुस्तक त्यांनी अभ्यासले. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाची त्यांना माहिती होती, म्हणून १९१२ साली लंडनला गेल्यावर ते थेट त्याच्या संपादकांना भेटले. त्यांच्या मदतीने हेपवर्थ यांचे चित्रपटगृह, म्हणजे जेथे चित्रपट तयार होत ती जागा, त्यांना प्रत्यक्ष पाहता आली. कॅमेऱ्याची चौकशी करून, जाणत्यांना विचारून त्यांनी विल्यमसन जातीचा कॅमेरा ठरवला.

परत आल्यावर त्यांनी एकदम मोठा चित्रपट काढायला घेतला नाही. कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा कुंडीसमोर ठेवला आणि थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. महिन्याभराहून अधिक काळ हे चालले होते. ती चित्रे पडद्यावर सलग दाखवताच बी रुजताना, कोंब वर येताना, वेल वाढताना दिसू लागला. हा छोटा चित्रपट पाहूनच पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला, त्याच्या आधीची ही वाटाण्याची गोष्ट आहे.

फाळक्यांचे पुस्तक म्हणजे आजचे चॅनेल असे समजा. पुस्तकात जे लिहिले होते ते खरे आहे की नाही, हे त्यांनी कुंडीसमोर बसून तपासले. आपल्यालाही व्हिडिओची परीक्षा अशीच घेता येते. त्यासाठी फार ज्ञान लागत नाही. घरात, अंगणात, एस.टी. थांब्यावर ही परीक्षा होते.

सुरुवात शोधण्यापासून करू. बहुतेक मुले शोधाच्या चौकटीत 'सर्वांत चांगले फोटोग्राफी चॅनेल' असे काहीतरी लिहितात. अशा शोधात ज्याची जाहिरात मोठी तो पुढे येतो. त्यापेक्षा आपण काढलेले आणि बिघडलेले एखादे चित्र समोर घ्यावे. ते का बिघडले, हाच प्रश्न लिहावा. 'रात्री घरात काढलेला फोटो पिवळा का येतो', 'खिडकीसमोर उभ्या माणसाचा चेहरा काळा का दिसतो' असे साधे प्रश्न. प्रश्न नेमका असला की उत्तर देणाराही नेमका सापडतो.

रत्नागिरी परिसरातलाच एक प्रश्न घेऊन पाहू. आपल्या जिल्ह्यातील कातळशिल्पे तुम्ही पाहिली असतील. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर फार प्राचीन काळी माणसाने प्राणी, पक्षी, मासे, माणसे आणि अनेक भौमितिक आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. रत्नागिरी तालुक्यातील उक्षी येथे हत्तीचे मोठे चित्र आहे. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. ती पाहायला शाळांच्या सहली जातात, मुले मोबाइलवर छायाचित्रे काढतात आणि घरी आल्यावर चित्रात नुसता तांबडा दगड दिसतो. समोर असताना ओळखू आलेली रेषा चित्रात गेली कोठे?

याचे उत्तर दोन व्हिडिओंत शोधले, तर पहिला कदाचित म्हणेल, "सकाळी लवकर जा. त्या वेळी सोनेरी प्रकाश असतो, फोटो सुंदर येतो." दुसरा सांगेल की कोरलेली रेषा म्हणजे एक उथळ चर असतो. सूर्य डोक्यावर असताना चराच्या तळाला आणि वरच्या दगडाला सारखाच उजेड मिळतो, म्हणून दोन्ही एकसारखे दिसतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाश तिरपा येतो, चराच्या एका काठाची सावली आत पडते, आणि त्या सावलीमुळे रेषा उठून दिसते. सल्ला दोघांचाही एकच आहे, सकाळी जा. पण पहिल्याने फक्त वेळ सांगितली, दुसऱ्याने कारण सांगितले. कारण कळले की ते दुसऱ्या ठिकाणीही वापरता येते. जुन्या दरवाजावरचे कोरीव काम, कबरीच्या दगडावरची अक्षरे, आजीच्या हातावरच्या सुरकुत्या, भाताच्या खाचरातील नांगराचे तास, या साऱ्यांना हाच नियम लागू पडतो.

दुसरा शिक्षक खरे बोलतो आहे ना, हेही पाहता येते. रात्री खोलीतला दिवा मालवा. टेबलावर एक नाणे ठेवा. त्यावर आधी सरळ वरून विजेरीचा झोत टाका, मग विजेरी टेबलाला टेकवून बाजूने टाका. नाण्यावरची अक्षरे कोणत्या वेळी उठून दिसतात ते पाहा. पाच मिनिटांचा प्रयोग आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. जो शिक्षक असा प्रयोग करायला लावतो, त्याच्या चॅनेलवर पुन्हा जावे. (कातळशिल्पाचे चित्र स्पष्ट यावे म्हणून काही जण रेषांत खडूची भुकटी भरतात किंवा चित्रावरच उभे राहतात. तसे अजिबात करू नये. हजारो वर्षे टिकलेली रेषा आपल्या चपलेने झिजायला नको.)

सोनेरी प्रकाशाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट पाहून घेऊ. सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या मऊ, पिवळसर उजेडाला छायाचित्रकार 'सोनेरी तास' म्हणतात. इंग्रजी चॅनेलांवर हे शब्द सतत ऐकू येतात. पण हे शिकवणारे कित्येक जण इंग्लंड, कॅनडा अशा उत्तरेकडील देशांत राहतात. तेथे सूर्य तिरपा, सावकाश मावळतो. आपण विषुववृत्तापासून साधारण १७ अंशांवर आहोत. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मार्च किंवा सप्टेंबर महिन्यात सूर्य क्षितिजावर ६ अंश असल्यापासून मावळेपर्यंत लंडनमध्ये सुमारे ४० मिनिटे जातात, तर रत्नागिरीत सुमारे २५. पश्चिमेला डोंगर असेल तर आणखी कमी. त्या शिक्षकाचे ऐकून पालीतला मुलगा निवांत निघाला, तर तो पोचेपर्यंत उजेड गेलेला असेल. शिक्षक खोटे बोलला का? नाही, तो आपल्या गावाबद्दल बोलला. म्हणून परक्या देशातील चॅनेल पाहताना 'हा कोठे उभा राहून बोलतो आहे?' असे मनात विचारावे. आपल्याकडचा पावसाळा, दमट हवेने भिंगावर धरणारे बाष्प, मे महिन्यातले डोळे दिपवणारे ऊन, यांबद्दल कोकणातला, केरळातला किंवा बांगलादेशातला शिक्षक अधिक सांगू शकेल.

आता शिक्षकाची दुसरी परीक्षा. तो 'शटर' कसे शिकवतो ते पाहा. शटर किती वेळ उघडे राहते, यावर कॅमेऱ्यात किती प्रकाश शिरतो ते ठरते. चांगला शिक्षक एवढे सांगून थांबत नाही, त्या वेळात समोर काय घडते हेही सांगतो. आपण पालीचाच हिशेब करू. महामार्गावरून एस.टी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे. म्हणजे एका सेकंदात ती साधारण १६ मीटर ७० सेंटिमीटर जाते. शटर सेकंदाचा ३० वा भाग उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात गाडी सुमारे ५५ सेंटिमीटर पुढे सरकते. चित्रात तिच्यावरची अक्षरे पुसली जाणारच. शटर सेकंदाचा १००० वा भाग उघडे राहिले, तर गाडी दोन सेंटिमीटरसुद्धा सरकत नाही. तीच गाडी जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. मात्र प्रकाश तेहतीसपट कमी मिळतो. भर दुपारी हे चालते. संध्याकाळी मात्र चित्र काळे येईल, नाहीतर कॅमेरा आयएसओ, म्हणजे प्रकाशाबद्दलची आपली संवेदनशीलता, वाढवील आणि चित्रात रवा पसरल्यासारखे ठिपके येतील. काही मिळवायचे तर काही सोडावे लागते, हे ज्या व्हिडिओत कळते तो पाहण्यासारखा. 'हा आकडा लावा आणि कमाल पाहा' एवढेच सांगणारा व्हिडिओ पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही. (हा प्रयोग करताना थांब्यावर, रस्त्यापासून दूर उभे राहावे. महामार्गाच्या कडेला जाऊन छायाचित्र काढण्याइतके ते मोलाचे नाही.)

शिक्षकाच्या हातात कोणते साधन आहे, हेही पाहावे. तुमच्याजवळ मोबाइल असेल आणि शिक्षक ॲपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, लहानमोठे करायला सांगत असेल, तर तो पाठ तुमच्या कामाचा नाही. बहुतेक मोबाइलमध्ये हे छिद्र कायम एकाच मापाचे असते. माणूस स्पष्ट आणि मागचे झाड धूसर असे जे चित्र मोबाइल दाखवतो, त्यातली बरीचशी धूसरता मोबाइलने हिशेब करून आणलेली असते. केसांच्या कडा, चष्म्याची काडी किंवा ओढणीची किनार येथे हा हिशेब पुष्कळदा फसतो. मोबाइलवर शिकणाऱ्याने मोबाइलचाच शिक्षक शोधावा. प्रकाश, चौकट, वेळ आणि संयम या गोष्टी मात्र दोघांनाही सारख्याच लागतात.

येथून पैशाचा विषय सुरू होतो. दहावी-बारावीनंतर लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून घराला हातभार लावावा, असे वाटणारी मुले गावोगावी आहेत. हा प्रामाणिक व्यवसाय आहे. पण व्हिडिओ पाहून ज्यांच्या मनात पहिला विचार येतो तो कॅमेरा विकत घेण्याचा, त्यांनी जरा थांबावे. कित्येक चॅनेलांचे निम्मे व्हिडिओ नव्या कॅमेऱ्यांबद्दल असतात. व्हिडिओखालच्या दुव्यावरून कोणी वस्तू घेतली की काही जणांना दलाली मिळते. काहींना कंपनीच पैसे देते. अशा व्हिडिओच्या सुरुवातीला 'सशुल्क प्रचार' या अर्थाची पाटी दिसते, ती वाचायची सवय लावावी. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी सूचना काढल्या. पैसे किंवा वस्तू घेऊन एखाद्या मालाची शिफारस केली, तर ते प्रेक्षकांना स्पष्ट आणि समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. दलाली घेणे हा काही गुन्हा नाही. पण दुकानदार आणि शिक्षक एकाच माणसात असतील, तर या क्षणी कोण बोलतो आहे ते आपल्याला कळायला हवे. एक सोपी खूण सांगतो. चॅनेलच्या शेवटच्या वीस व्हिडिओंची नुसती नावे वाचा. त्यांत वस्तूंची नावे अधिक आहेत की कामांची? 'नवा कॅमेरा आला' असे पंधरा वेळा आणि 'चेहऱ्यावर सावली कशी टाळावी' असे एकदा आढळले, तर ते दुकान आहे.

हप्त्याने कॅमेरा घेऊन बसलेल्या आणि काम न मिळालेल्या मुलाला तो व्हिडिओ काढणारा ओळखतही नसतो. हप्ता मात्र घरच्यांना भरावा लागतो.

लाखो सदस्य असणे ही चांगुलपणाची खूण नव्हे. करमणूक करणाऱ्यालाही लाखो सदस्य मिळतात. पूर्वी किती लोकांनी व्हिडिओ नापसंत केला तेही दिसत असे. नोव्हेंबर २०२१ पासून यूट्यूबने तो आकडा सर्वांना दाखवणे बंद केले. त्यामुळे आपलीच पारख वाढवायला हवी. ओळीने लावलेली पाठमाला आहे का, आधीचा पाठ समजल्याशिवाय पुढचा समजत नाही अशी तिची रचना आहे का, शिक्षक स्वतः काढलेली छायाचित्रे दाखवतो का, बिघडलेली चित्रेही दाखवतो का, हे पाहावे. जुन्या व्हिडिओला नाक मुरडू नये. मोबाइलच्या एखाद्या ॲपबद्दलचा पाच वर्षांपूर्वीचा पाठ शिळा झालेला असतो. खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाबद्दलचा पाठ शिळा होत नाही. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाज़िर' हा ग्रंथ लिहिला आणि अंधाऱ्या खोलीत लहान छिद्रातून प्रकाश सोडून प्रयोग केले. तुम्हीही भर दुपारी खोलीच्या खिडक्या पुठ्ठ्याने बंद करून त्याला एक बारीक भोक पाडा. समोरच्या भिंतीवर अंगणातले माडाचे झाड उलटे दिसेल. कॅमेरा म्हणजे हीच खोली, फक्त लहान केलेली.

उर्दू माध्यमाच्या मुलांजवळ शोधाची एक जास्तीची किल्ली आहे, ती ती वापरत नाहीत याचे मला आश्चर्य वाटते. तुम्ही उर्दू लिपी वाचता, देवनागरी वाचता, शाळेत इंग्रजीही शिकता. एकच प्रश्न तिन्ही लिप्यांत लिहून पाहा. तिन्ही वेळा वेगवेगळे शिक्षक समोर येतील. शिवाय हिंदीत बोलणारा शिक्षकही तुमच्या कानाला परका नाही. इंग्रजी व्हिडिओ अवघड वाटला तर त्याचा वेग कमी करता येतो, खाली उमटणारी अक्षरे वाचता येतात. यंत्राने केलेल्या भाषांतरावर मात्र पूर्ण विसंबू नये. छायाचित्रणातले शब्द ते अनेकदा भलत्याच अर्थाने घेते.

थोडे खोलात शिरायचे असेल त्यांच्यासाठी मार्क लेव्हॉय यांची व्याख्याने आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ते डिजिटल छायाचित्रण शिकवत. २०१६ साली त्यांनी तो अभ्यासक्रम गूगल कंपनीत पुन्हा शिकवला आणि ती १८ व्याख्याने सर्वांसाठी मोफत खुली केली. त्यांत गणित आणि भौतिकशास्त्र बरेच आहे. सगळे कळणार नाही. पण विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही भिंगाचा जो पाठ शिकता, तो येथे प्रत्यक्ष कामाला लागलेला दिसतो. पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेनेही २०१७ पासून देशभर अल्प मुदतीचे अभ्यासवर्ग घेतले आहेत. त्यांना शुल्क असते, म्हणून आधी चौकशी करावी.

शिकवणाऱ्या चॅनेलांबरोबर नुसती चांगली छायाचित्रेही पाहायला हवीत. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हा संग्रह सुरू केला. त्याला थोडक्यात 'परी' म्हणतात. खेड्यांतील कष्टकरी माणसांची छायाचित्रे, चित्रफिती आणि लेख त्यात आहेत. मराठीत आहेत, उर्दूतही आहेत. एकच लेख दोन्ही भाषांत वाचून पाहा, मराठीचा अभ्यासही होईल. या छायाचित्रांखालच्या ओळी मुद्दाम वाचाव्यात. चित्रातली व्यक्ती कोण, कोणत्या गावची, काय करते, हे तेथे लिहिलेले असते. म्हणजे छायाचित्रकार तिच्याशी बोलला आहे. दुरून चित्र टिपून तो पळाला नाही.

हे बोलणे फार थोडे चॅनेल शिकवतात. 'लोकांच्या नकळत फोटो कसा काढावा' यावर मात्र व्हिडिओ पुष्कळ सापडतात. मोठ्या शहराच्या गर्दीत कोणी कोणाला ओळखत नाही. पालीच्या बाजारात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. मासे विकणाऱ्या मावशींचे छायाचित्र काढायचे असेल तर आधी विचारावे, "मावशी, एक फोटो काढू का?" त्या नको म्हणाल्या तर मोबाइल खाली घ्यावा. लग्नाच्या घरी तर हे अधिकच पाळावे लागते. काही घरांत स्त्रियांची छायाचित्रे बाहेर गेलेली चालत नाहीत. कोठे काढायचे, कोठे नाही, काढलेली चित्रे कोणाला द्यायची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि त्या स्त्रियांनाही आधी विचारून घ्यावे. एकदा मोबाइलवरून पुढे गेलेले चित्र परत आणता येत नाही. गावात ज्या छायाचित्रकाराला पुन्हापुन्हा बोलावतात, त्याच्याकडे महागडा कॅमेरा असतोच असे नाही, पण त्याच्या हाती घर सोपवता येते असा त्याचा लौकिक असतो.

अशा माणसाला भेटायलाही जावे. व्हिडिओतला शिक्षक आपले चित्र पाहू शकत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. जवळच्या स्टुडिओतले काका ते पाहू शकतात. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना आपली चारच चित्रे घेऊन जावे, चाळीस नव्हे. "काका, यात काय चुकले?" एवढेच विचारावे. ते कदाचित सांगतील की माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला आहे. वीस व्हिडिओ पाहून जे लक्षात आले नव्हते ते एका वाक्यात लक्षात येते.

पावसाळ्यात कोकणातल्या गावांत वीज जाते, मोबाइलचे जाळेही रेंगाळते. उघडीप असताना, जेथे जाळे चांगले मिळते तेथे दोनतीन निवडक पाठ मोबाइलमध्ये उतरवून ठेवावेत. लहान आकाराचा व्हिडिओ उतरवला तरी बोलणे तेवढेच समजते. रंगांबद्दलचा पाठ असेल तरच मोठा घ्यावा. मग पडवीत बसावे. समोर गडग्याचा ओला काळपट दगड किंवा फणसाची गर्द सावली असेल अशी बाजू निवडावी, म्हणजे पावसाचे थेंब उजळ दिसतील. मोबाइल कोरड्या जागी, हलणार नाही असा ठेवावा. ज्या मोबाइलमध्ये शटर हाताने ठरवता येते, त्यात आधी सेकंदाचा ३० वा भाग लावावा. पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला आठनऊ मीटर वेगाने खाली येतो, म्हणून तो चित्रात सुमारे एक फूट लांबीची रेघ होईल. नंतर १००० वा भाग लावावा. आता रेघांच्या जागी सुटे, चमकणारे मणी दिसतील, आणि चित्र बरेच काळोखे असेल. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून उतरवलेला पाठ पुन्हा लावावा आणि शिक्षक जे म्हणतो ते त्यांच्याशी ताडून पाहावे.